छोट्या दुकानाला स्वतःची वेबसाइट हवी का?



ऊस सोडून हा कसला विषय, असे कुणी म्हणेल. पण आपल्या कितीतरी सभासदांच्या मुलांनी रोपवाटिका, खत-औषधांचे दुकान किंवा गुळाची विक्री सुरू केली आहे, आणि ‘वेबसाइट करून देतो’ म्हणणारे त्यांच्या दारात येऊ लागले आहेत. शेती विभागाकडे त्याबद्दल विचारणा होते, म्हणून लिहितो.

आधी गिऱ्हाईक कुठून येते ते पाहावे. एकडोळा रोपे महिना-सव्वा महिन्यात लावणीला येतात, फार दिवस ट्रेमध्ये ठेवता येत नाहीत, लांबवर न्यायची तर भाडे परवडत नाही. म्हणजे गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच. आता हिशेब मांडू. समजा, वेबसाइटचा वर्षाचा खर्च ६,००० रुपये आला आणि एका रोपामागे ५० पैसे सुटतात. तर खर्च भरून निघायला १२,००० रोपे जादा खपली पाहिजेत. ५ बाय २ फुटांवर एकरी ४,३५६ रोपे बसतात. म्हणजे पावणेतीन एकरांचे नवे गिऱ्हाईक केवळ वेबसाइटमुळे यायला हवे. शेजाऱ्याचा प्लॉट बघून आलेला शेतकरी यात धरायचा नाही, तो तसाही येणारच होता!

अशा दुकानाला गूगलच्या नकाशावर नाव, फोन नंबर आणि उघडण्याची वेळ नोंदवणे पुरेसे आहे. त्याला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नयेत. व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अ‍ॅप २०१८ पासून आहे, तेही फुकट. त्यात जात, रोपांचे वय व दर फोटोसह लावता येतात. आडसाली लागणीच्या गर्दीत याचाच खरा उपयोग होतो.

गूळ-काकवीचे मात्र वेगळे. हा माल टिकतो, पार्सलने पुण्या-मुंबईला जातो. तिथला माणूस तुम्हाला ओळखत नाही. गुऱ्हाळ कुठले, अन्न परवान्याचा नंबर काय, हे तो पाहणारच. अशांनी एका पानाची का होईना, स्वतःची वेबसाइट करावी असे आमचे मत आहे. फुकटच्या जागेवर सगळा भार टाकणे बरे नव्हे. गूगल दुकानदारांना साधी वेबसाइट फुकट देत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी तोच पत्ता पाकिटांवर छापला होता, त्यांची पाकिटे वाया गेली.

करायचीच ठरली तर एक गोष्ट घट्ट धरा. वेबसाइटचे नाव (त्याला डोमेन म्हणतात) स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलने नोंदवा. करून देणाऱ्याने ते आपल्या नावावर घेतले, तर जमीन कसायची आपण आणि सातबारा त्याचा, अशी गत होते. नावाचे दरसाल नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी स्वस्त सांगतात, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधी लिहून घ्या. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ नावही मिळते, पण पाकिटावर इंग्रजी अक्षरांतले नाव टाइप करायला लोकांना सोपे जाते.

आणि माल संपला की त्याच दिवशी तिथे ‘शिल्लक नाही’ असे लिहा. जुना दर तसाच राहिला, तर गिऱ्हाईक त्याच दराने माल मागते.