पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचं ऑइल, सांडलवंड न करता

मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्र लागलं की घरोघरी बियाण्या-खतांची जुळवाजुळव सुरू होते. ट्रॅक्टरची आठवण मात्र मृगाचा पाऊस पडून वापसा आल्यावर होते आणि मग सगळ्यांची एकच धांदल उडते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं आपण दर हंगामात सांगतो. त्या पावसाची वाट पाहण्याचे दिवस इंजिन ऑइल बघायला सगळ्यात चांगले. उन्हाळी नांगरटीत इंजिन दिवसदिवस धुळीत राबलेलं असतं. शिवाय सवडीने ओतलेलं ऑइल इंजिनात जातं, घाईत ओतलेलं निम्मं इंजिनावर.

आधी काडी, मग कॅन

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. उतारावर काडीवरची पातळी चुकीची दिसते. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल. सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी पाहिलं तर आणखी बरं.

काडी आणि ऑइलचं झाकण यांच्याभोवतीची धूळ झाकण उघडण्याआधीच पुसा. उघडल्यावर पुसाल तर ती सरळ आत पडेल. काडी काढून पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा आणि आडवी धरून बघा. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर कॅन उघडायचं कारण नाही. खालच्या खुणेपाशी आली असेल तरच भर घाला. ऑइल दुधाळ दिसलं, किंवा न भरताच पातळी वाढलेली आढळली, तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ट्रॅक्टर सुरू न करता आधी मेकॅनिकला बोलवा.

भर घालताना पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घ्या. बऱ्याच ट्रॅक्टरना 15 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 40 चालतं. गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं असतं, ते इंजिनात घालू नका.

ओतण्याची हातोटी

पाच लिटरचा भरलेला कॅन बॉनेटपर्यंत उचलून थेट ओतायला गेलं की सांडलंच म्हणून समजा. त्यापेक्षा लिटरभराच्या स्वच्छ मापात ऑइल काढून घ्या. लांब नळीचं नरसाळं झाकणाच्या तोंडात घट्ट बसवा आणि भोवती जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळा. डिझेलचं किंवा फवारणीच्या औषधाचं नरसाळं यासाठी वापरू नका.

कॅनमधूनच ओतायचं असेल तर एक गोष्ट नीट बघा. कॅनचं तोंड मधोमध नसून एका कडेला असतं. ते तोंड खालच्या अंगाला ठेवून कॅन वाकवला की हवेला आत शिरायला वाट राहत नाही, ऑइल गपकन्, गचके देत येतं आणि नरसाळ्याबाहेर उडतं. तोंड वरच्या अंगाला ठेवून कॅन आडवा करा. ऑइलच्या धारेवरून हवा आत जाते आणि बारीक, सलग धार पडते.

एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घालू नका. पाच मिनिटं थांबा, काडी बघा, लागलं तर पुन्हा घाला. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक ते ऑइल घुसळते, त्याला फेस येतो आणि फेसाळ ऑइल नीट वंगण देत नाही. जास्तीचं ऑइल खालचा बोल्ट सैल करून काढावं लागतं, म्हणजे खरी सांडलवंड तिथे होते.

झाकण घट्ट लावून इंजिन दोन मिनिटं चालवा. ऑइलचा दिवा विझतो का, फिल्टरखाली थेंब दिसतो का, ते पाहा. बंद करून थोड्या वेळाने काडी पुन्हा एकदा बघा.

सांडलंच तर

सायलेन्सरवर पडलेलं ऑइल इंजिन थंड असतानाच पुसून काढा. तापलेल्या लोखंडावर ते धूर धरतं, पेटूही शकतं. पट्ट्यावर पडलं तर पट्टा घसरतो, म्हणून तोही कोरडा करा. जमिनीवर पडलेल्या ऑइलवर पाणी ओतू नका, ते आणखी पसरतं. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, शोषलं की झाडून वेगळ्या पोत्यात भरा. हा भुसा उकिरड्यावर टाकलात तर शेणखताबरोबर तो तुमच्याच रानात जाईल.

हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय बियाण्याला लावू नका. जिवाणू संवर्धक लावलेल्या सोयाबीन-तुरीच्या बाबतीत तर मुळीच नको.

जुनं ऑइल कुठे?

ऑइल बदललं असेल तर काळं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवा. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा बांधावर ते ओतू नका. कुंपणाच्या खांबांना फासलेलं काळं ऑइलही पावसाने धुऊन मातीतच उतरतं. अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. रिकाम्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी किंवा फवारणीचं पाणी भरू नका.

शेवटी, बियाण्याच्या पावत्या ज्या वहीत ठेवता तिच्यातच तारीख, मीटरवरचे तास आणि किती ऑइल घातलं ते लिहून ठेवा. अनेक ट्रॅक्टरचं ऑइल 250 तासांनी बदलायचं असतं. दर आठवड्याला भर घालावी लागतेय असं वहीत दिसलं, तर गळती शोधायला पेरणी संपायची वाट पाहू नका.