हातची घोडी द्यावी का?

बाळा, तुझा निरोप पोचला. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी देऊन धनगराच्या वाड्यावरचं भीमथडी तट्टू घ्यायचं तुझ्या मनात आहे आणि वर चार पैसेही हाती येतील, असं कळवलंस. हो किंवा नाही, हे मी इथं बसून सांगणार नाही. जनावर तुझं आणि काम तुझं. पण घोडी राखणाऱ्या आपल्या जुन्या माणसांनी माझ्या कानात जे घातलं, ते तुझ्या कानात घालतो. सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगतो. अदलाबदलीत जनावर हाती येतं, ओळख येत नाही. ओळख नव्यानं करावी लागते आणि तिला निदान एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा लागतो. तेवढा काळ घालवण्याजोगं कारण तुझ्याजवळ आहे का, एवढंच तुला ठरवायचं आहे.

आधी काम ठरव

तुझी घोडी बसायची आहे. उंच, नाजूक पायाची, चालीला गोड. आता तू मेंढरं वाढवलीस आणि दिवाळीनंतर कळपाबरोबर कोकणात उतरायचं म्हणतोस. त्या वाटेवर घोड्यानं माणूस न्यायचा नसतो, बिऱ्हाड न्यायचं असतं. भांडी, पाल, अंथरुणं, चालू न शकणारी कोवळी कोकरं, कधी वर बांधलेल्या कोंबड्या. ते काम भीमथडीचं. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे तट्टू मारवाडीपेक्षा चांगलं वीतभर ठेंगणं, पण खुरानं टणक, खाण्याला सोसणारं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे.

काम खरंच बदललं असेल, तर विचार करण्यात चूक नाही. पण गेल्या वर्षभरात घोडीमुळं तुझं कुठलं काम अडलं, ते कागदावर लिही. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते लिहिल्याशिवाय कळत नाही. कागद कोरा राहिला, तर तुझं मन बाजारात गेलंय एवढंच समज.

खोड आणि दुखणं वेगळं काढ

घोडी हल्ली खोगीर घालताना कान मागे टाकते, असंही तू कळवलंस. ही खोड समजून तिला विकू नकोस. आधी पाठीवरून दोन्ही हातांनी दाब देत जा. पाठ खचवली किंवा कातडी थरथरली, तर खोगीर बोचतंय. डॉक्टरांकडून दाढा बघून घे. दाढांच्या कडा धारदार झाल्या की लगाम लावताना घोडं मान झटकतं. खुरं दीड-दोन महिन्यांनी नालबंदाच्या हाताखालून गेली पाहिजेत. एवढं केल्यावर पंधरा दिवसांत घोडी सरळ झाली, तर विकण्याचं अर्धं कारण तिथंच संपतं.

तोंड स्वतः उघड

तट्टू बघायला जाशील, तेव्हा वय विचारू नकोस, वाच. कडेला उभा राहून ओठ हळूच उचल. खालच्या जबड्यात पुढं सहा दात असतात. दुधाचे दात लहान आणि पांढरे, कायमचे मोठे आणि पिवळसर. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी बदलते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढं दाताच्या माथ्यावरचा खळगा बघ. मधल्या जोडीचा सहाव्या वर्षी, शेजारचा सातव्या, कडेचा आठव्या वर्षी झिजून सपाट होत जातो. दहाव्याच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक रेघ उमटते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यावर येते आणि विसाव्याला टोकाला पोचते. माळरानावर माती-वाळूसकट चरणाऱ्याचे दात लवकर झिजतात, म्हणून वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं धर.

पाय आणि पाठ

उभ्या घोड्यानं मागचा एक पाय सैल सोडला, तर तो विसावा घेतोय. पुढचा पाय पुढं सारून उभा असेल, तर तिथं दुखतंय. कठीण जमिनीवर दोरी सैल ठेवून सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवायला सांग आणि तू डोक्याकडं बघ. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. खुराला तळहात लाव. एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर तिथंच थांब.

ओझ्याच्या घोड्याची पाठ म्हणजे त्याची कुंडली. खांद्याच्या उंचवट्यावर किंवा फासळ्यांवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथं कधीतरी जखम होऊन भरली आहे. एखादा जुना ठिपका चालेल. ओली जखम किंवा बोट लावताच अंग चोरणं चालणार नाही. तट्टावर 70 किलोपेक्षा जास्त ओझं नको, असं ओझ्याच्या जनावरांसाठीचे 1965 चे नियम सांगतात. वाड्यावर किती लादतात, ते मुक्काम हलताना स्वतः बघ. आणि सौद्याला भल्या पहाटे, न कळवता जा. तू पोचायच्या आधीच फिरवून गरम केलेल्या घोड्याचं लंगडणं दबलेलं असतं.

भोवरे, पंचकल्याणी, देवमण अशा शुभ मानल्या जाणाऱ्या खुणांवर बाजारात भाव चढतो. तुझ्या घोडीला त्याचा भाव मिळाला तर घे. तट्टू घेताना मात्र त्यावर एक पैसा जास्त देऊ नकोस. भोवरा ओझं वाहत नाही.

कोणाचा हात आहे, ते बघ

हे फार कमी लोक बघतात. वाड्यावर तट्टाला कोण धरतं, कोण हाक मारतं, कोण चारतं? बहुतेक वेळा बायका आणि पोरं. बाई पुढं चालते आणि तट्टू दोरी न ताणता मागं येतं, ते बघून तुला ते गरीब वाटेल. पण त्यातला अर्धा गुण त्या बाईच्या हाताचा आहे. दोरी तुझ्या हातात घे. तुझ्याबरोबर ओढ्यातून जातं का, ट्रक जवळून गेला तर काय करतं, कोकरू पाठीवर ठेवताना उभं राहतं का, ते बघ.

मग त्याला सोबत्यांपासून बाजूला ने. वाड्यावरचं घोडं कधी एकटं राहिलेलं नसतं. मेंढरं, कुत्री, दुसरी घोडी यांतच ते वाढतं. टेकाडामागं नेल्यावर मान वर करून, नाकपुड्या फुगवून ते खिंकाळत राहील, खुंट्याभोवती गोल फिरेल, हिरवा घास पुढं टाकलास तरी शिवणार नाही. थोडा वेळ असं केलं तर वावगं नाही. पण अर्ध्या तासानंतरही घाम फुटलेला असेल, तर ते तट्टू त्या वाड्यातच चांगलं. तुझ्या एकट्या दावणीला ते महिनोन्महिने झुरेल.

हाताच्या ओळखीबाबत तुझ्या घोडीचंही तसंच आहे. ती तुझा हात चुकवत नाही, याचा अर्थ ती कोणाचाच हात चुकवत नाही, असा नाही.

रक्त तपासल्याशिवाय विसार देऊ नकोस

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरेल, पण त्याआधी दोन्ही जनावरांची ग्लँडर्सची तपासणी होऊ दे. हा रोग घोड्यातून माणसालाही लागतो. नाकातून चिकट स्राव येतो, कातडीवर गाठी उठतात, पण कधी कधी वरून काहीच दिसत नाही. रोग पक्का ठरला तर जनावर कायद्यानं मारावं लागतं. सरकारी पशुवैद्यकांना सांगून रक्ताचा नमुना पाठव. अहवाल येईपर्यंत सौदा थांबला तर थांबू दे. घाई करणाऱ्याला ती घाई का आहे, हे तुला विचारता आलं पाहिजे.

पंधरा दिवस वापरून बघ

तट्टू पंधरा दिवस वापरायला माग आणि तुझी घोडीही तितकेच दिवस त्यांच्याकडं जाऊ दे. ओझं लादून चढ चढव, थांबव आणि श्वास मोज. निवांत घोडं मिनिटाला 8 ते 16 वेळा श्वास घेतं. चढानंतर दहा-पंधरा मिनिटांत श्वास त्या आकड्याच्या जवळ यायला हवा. जमलं नाही तर दोघांनी आपापलं जनावर परत घ्यायचं, हे आधी बोलून कागदावर घे. रंग, उंची, खुणा, वय, ठरलेली रक्कम, सगळं लिही. नात्यातला सौदा असेल तर जास्तच लिही.

घोडी कुठं जाईल?

तुझी घोडी मेंढरांमागं फार दिवस चालणार नाही. वाड्यावरचे लोक तिला पुढं विकतील, बहुधा वरातीच्या धंद्यात. ताशे, फटाके, दिवे, रात्रीच्या रात्री उभं राहणं हे तिला झेपेल का, याचं उत्तर तुलाच माहीत आहे. ज्याच्या घरी ती शेवटी जाणार, त्याला गाठ. ती कशाला बुजते, पाणी कसं पिते, कुठं हात लावू देत नाही, हे सगळं त्याला सांग. खोड लपवून दिलेली घोडी मार खाते आणि तो मार तुझ्यामुळं असतो. वय पंधरापुढं गेलं असेल, तर ती देऊच नकोस. आता तिला नवं घर शिकवण्याचे दिवस राहिले नाहीत.

आणलंस तर

नवं तट्टू तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळं बांध. बादली आणि खरारा वेगळा ठेव. वाड्यावर ते काय खात होतं, ते विचारून आण आणि आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करत तुझ्या चाऱ्यावर ने. एकदम चंदी वाढवलीस तर पोटशूळ उठेल आणि त्यात चांगली घोडी हातची जाते. धनुर्वाताची लस टोचून घे. पहिला महिना ओझं निम्मं ठेव.

आता निकाल तूच लाव. कागदावर अडलेलं खरं काम आहे, तट्टू तुझ्या हातात आणि एकटं असतानाही शांत राहतं, रक्त साफ आहे आणि घोडीला चांगलं घर मिळतंय, या चारही गोष्टी जुळल्या तर बेलाशक अदलाबदल कर आणि मागं वळून बघू नकोस. एकही कमी पडली, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. ओळखीच्या वाड्याकडून या हंगामापुरतं तट्टू मागून घे, त्याचा मोबदला दे आणि घोडी घरी राहू दे. कोकणातून परत आलास की तुला काय लागतं, ते तुला नेमकं कळलेलं असेल आणि सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला पुन्हा भरणारच आहे.