‘नोकरी’ची ‘नोशुल्की’ होते तेव्हा

रेगेक्स, म्हणजे पॅटर्न देऊन मजकूर शोधणं, शिकवणारे बहुतेक जण ‘पूर्ण शब्दच पकडायचा असेल तर दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी लावा’ एवढं सांगून मोकळे होतात. इंग्रजीपुरतं ते ठीक. मराठी फायलींवर तो सल्ला चालवला की काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि निस्तरायला मात्र आम्ही. समजा, शेकडो फायलींत ‘कर’च्या जागी ‘शुल्क’ घालायचं आहे. पायथॉनच्या अंगभूत आरई मॉड्यूलच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त ही शब्दाबाहेरची चिन्हं. म्हणजे ‘नोकरी’त ओकारानंतर नवा शब्द सुरू होतो आणि वेलांटीपाशी संपतो. ‘नोकरी’ची ‘नोशुल्की’ होते, ‘कर्ज’चं ‘शुल्क्ज’, साताऱ्याकडच्या कराडचं ‘शुल्काड’. ‘शेतकरी’ तेवढा वाचतो, कारण त्यातल्या ‘त’ला मात्रा नाही! तोच पॅटर्न जावास्क्रिप्टमध्ये चालवा. तिथे देवनागरीतलं एकही अक्षर शब्दाचं मानलं जात नाही, त्यामुळे वाक्यातला सुटा ‘कर’सुद्धा हाती लागत नाही. पॅटर्न एक, निकाल दोन, आणि एरर कुठेच नाही. माझा राग आहे तो या गप्प बसण्यावर. न बदललेला शब्द पुन्हा शोधता येतो. चुकून बदललेला मुळात काय होता, हे कळायला जुनी फाइलच लागते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पायथॉनसाठी रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते वापरा. वापराच, ते मात्रा शब्दातच धरतं आणि ‘नोकरी’ वाचते. पण आता ‘कराचा’, ‘करात’ सुटतात. तेही हवेत म्हणून ‘करा’पुढे काहीही चालेल अशी सूट दिली, की ‘करार’ आणि ‘करावा’ जाळ्यात येतात. सुटा ‘कर’सुद्धा ‘काम कर’मधला असू शकतो. पॅटर्नला अक्षरं दिसतात, विभक्ती दिसत नाही. शिवाय ‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: कुठे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर). डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही या दोहोंना एक करत नाही. ‘पॅटर्न बरोबर आहे, तुमच्या फायलीच विचित्र आहेत’ असं ऐकवणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

मग सगळं हातानेच करायचं का? नाही. रेगेक्स आधी फक्त शोधायला लावा: ‘कर’ असलेले सगळे वेगवेगळे शब्द, प्रत्येक किती वेळा आला त्यासह, एका यादीत काढा आणि ती यादी माणसानं वाचावी. शब्द हजारो ठिकाणी असले तरी त्यांची रूपं त्या मानानं फार थोडी असतात. बदलायची रूपं पूर्ण लिहून द्या. ‘कर’सारखी दुहेरी अर्थाची रूपं वाक्यात पाहूनच बदला. सेड वापरत असाल तर आय पर्यायाला डॉट-बॅक जोडा, म्हणजे मूळ प्रत राहते. गिट असेल तर आधी कमिट, मग बदल, मग डिफ. बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. ‘मुद्रितशोधक बघतील’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. त्यांच्याकडे अनेकदा नमुन्याची पानं जातात, सगळ्या फायली जात नाहीत.

दुसऱ्याच्या फायलींवर असं काम करणाऱ्यानं, बदललेल्या प्रत्येक रूपाची यादी कामासोबत द्यावी. यादी नसेल तर घेणाऱ्यानं बिल मंजूर करू नये.