भूतारा

एका पावसाळ्यात अभ्यासवर्गासाठी मी म्हैसूरला गेलो होतो. चामुंडी टेकडीच्या दगडी पायऱ्या चढताना कडेच्या पालापाचोळ्यात एक तपकिरी चांदणी दिसली. वाळलेले फूल असावे, असे वाटले. वाकून पाहिले, तर मध्ये बोराएवढी टोकदार पिशवी, तिच्याभोवती वाटीसारखी कड आणि खाली वळलेल्या सहा जाड पाकळ्या. सोबतचे स्थानिक सहकारी म्हणाले, "अणबे." हा कन्नड शब्द आपल्या 'अळंबे'च्या किती जवळचा वाटतो! पुढचा प्रश्न तुम्हीही विचारला असता : "खातात का?" ते हसले. "नाही हो, निरुपयोगी आहे."

ही गेस्ट्रम प्रजातीतील बुरशी. पृथ्वी आणि तारा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले. म्हणून आपण तिला भूतारा म्हणू. कोवळेपणी ती टोकदार कांद्यासारखी असून अर्धी मातीत दडलेली असते. पक्व झाली की बाहेरची साल ताऱ्यासारखी फाटते. काही पाकळ्या जाड असल्याने वळताना आडव्या तडकतात आणि पिशवीभोवती कड उरते. पाकळ्या, कड व पिशवी अशा तीन भागांमुळे एका जातीला 'ट्रिप्लेक्स', म्हणजे तिपदरी, म्हणतात. युंगहून या निसर्गसंशोधकाने १८४० मध्ये जावा बेटावरील नमुन्यावरून तिचे वर्णन केले.

पिशवीत असते बीजाणूंची कोरडी पूड, साल चिवट. खाण्याजोगे त्यात काही नाही. छत्तीसगड व झारखंडमधील सालवनांत ताऱ्यासारखीच उमलणारी ॲस्ट्रिअस ही बुरशी मात्र कोवळी असताना आवडीने खाल्ली जाते. दोघींचे रूप सारखे, पण कुळे वेगळी. तेव्हा साम्यावर विसंबून कोणतीही रानबुरशी तोंडात घालू नये. इकडे भूतारा कुजणाऱ्या पानांवर जगते आणि त्यांचे मातीत रूपांतर होण्यास हातभार लावते. झाडाखालचा पाचोळा रोज झाडून जाळला, तर तिचे अन्नच जळते.

परतताना सर आली. एक टपोरा थेंब त्या पिशवीवर पडला आणि टोकाच्या छिद्रातून धुरासारखी पूड उडाली. दुसरा थेंब, पुन्हा धूर. थेंबाच्या आघाताने पिशवी दबते, आतली हवा बीजाणूंना घेऊन बाहेर पडते. वाऱ्याने ते दूर जातात. माझे सहकारी पायरीवर उकिडवे बसून तिसऱ्या थेंबाची वाट पाहत होते. हातातली छत्री उघडायची राहूनच गेली होती.