कारखाना कुठे उभा राहतो?



रविवारच्या मिस्सेनंतर आवारात बसलो की एक प्रश्न हमखास निघतो. "फादर, आपल्या भागात मोठा कारखाना का येत नाही? पोरं पुण्याला चालली." त्याच बाकावरचा दुसरा लगेच म्हणतो, "आला तर विहिरीचं काय?" दोघांचेही खरे आहे. म्हणून या वेळी खतांचा विषय बाजूला ठेवून हा धडा घेऊ.

कारखानदार जागा निवडताना पाणी, वीज, रस्ता आणि ऊस पाहतो, हे आपण जाणतो. शिवाय तो प्रदूषणाचा कायदाही पाहतो. वेदगंगा आणि दूधगंगा महाराष्ट्रात उगम पावतात आणि आपल्या निपाणी-चिकोडी भागातून पुढे जाऊन कृष्णेला मिळतात. नदीला सीमा नाही, पण कायद्याला होती. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली मंडळ नेमले. कर्नाटक १९७४ च्या केंद्रीय कायद्यात पहिल्या बारा राज्यांबरोबर सामील झाले. महाराष्ट्राने तो कायदा १९८१ साली स्वीकारला. म्हणजे मधली काही वर्षे एकाच नदीला वर एक कायदा आणि खाली दुसरा होता. असा फरक असला की जिथे नियम सैल तिथे धुराडे सरकण्याची भीती असते. सर्व राज्यांना एक कायदा असावा तो यासाठीच.

आता उद्योगांना रंग दिलेले आहेत. केंद्रीय मंडळाने २०१६ साली प्रदूषणाचे गुण मांडून लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार वर्ग केले. २०२५ साली त्यांत सुधारणा झाली. साखर कारखाना आणि डिस्टिलरी लाल वर्गात. २०१६ च्या यादीत वीटभट्टी नारिंगी होती, तर सायकलींची जोडणी पांढरी. रंग जितका गडद तितक्या परवानग्या जास्त आणि जागा मिळणे अवघड. खानापूरकरांना हे ठाऊक आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात लाल वर्गाच्या नव्या उद्योगांना आणि खाणींना बंदी सुचवली आहे. शेतीला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण उलटी अफवा फार पसरली. केंद्राने हा मसुदा जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा काढला आणि सप्टेंबरात कर्नाटक मंत्रिमंडळाने तो नाकारला.

नियमांमुळे कोण वाढतो हेही ठरते. उसाच्या मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो नदीत सोडता येत नाही. एकतर आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचे. पहिल्याला भांडवल लागते, दुसऱ्याला भरपूर जागा. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला इथेनॉलच्या धंद्यात उतरणे जड जाते. मग काही ठिकाणी चोरवाट निघते. रात्री टँकर येतो आणि "फुकटचे खतपाणी" म्हणून रानात सोडतो. त्यात पालाश असतो हे खरे, पण क्षारही असतात. वारंवार सोडले तर जमीन खारावते आणि विहिरीचे पाणी चहासारखे होते. अशी एक विहीर आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. घरची माणसे दुसरीकडून घागरी आणत होती. असा टँकर दारात आला तर सरळ नाही म्हणा.

शेजारच्या गोव्यात केरी येथे नायलॉनचा मोठा कारखाना यायचा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, १९९५ साली पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण दगावला. शेवटी प्रकल्प तामिळनाडूत गेला. गोव्याची सुटका झाली, पण आमच्या मनात तामिळनाडूतल्या शेतकऱ्याचाही विचार येतो. आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याकडे लोटणे ही काही शेजारप्रीती नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात सांगितले आहे की, पर्यावरणावरच्या परिणामाची तपासणी धंद्याचा आराखडा ठरल्यावर नव्हे, तर आधीपासून व्हावी आणि स्थानिक माणसाला त्या बैठकीत मानाची जागा असावी.

ती जागा कायद्याने काही प्रमाणात दिलेली आहे. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कचेरीत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळतो. मात्र पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलच्या काही प्रकल्पांना २०२१ साली यातून सवलत दिली गेली. म्हणून ग्रामपंचायतीकडे काय अर्ज आले आहेत याची चौकशी अधूनमधून करत राहावी.

नोटीस बहुधा कानडीत असते. हायस्कुलातल्या मुलांकडून ती वाचून घ्या, त्यांना आपल्यापेक्षा बरे कळते. सुनावणीला जाऊन विरोधच करावा असे नाही. पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे जाणार, गावातल्या किती मुलांना काम देणार, हे विचारावे आणि लेखीही द्यावे. शेवटी त्या दिवशीचा वृत्तान्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. जनावरांच्या धारा काढायची वेळ झाली म्हणून आधीच उठू नका. आपला मुद्दा त्यात आला की नाही, ते ऐकूनच घरी या.