न झालेले प्रत्यर्पण

मार्सेलिसच्या बंदरातील सावरकरांच्या उडीची हकीकत वर्गात सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला इंग्रजांनी परत नेलेच कसे?" ८ जुलै १९१० रोजी किनाऱ्यावरील फ्रेंच शिपायाने सावरकरांना धरून बोटीवर पोहोचविले. पुढे फ्रान्सने हरकत घेतली. परंतु हेग येथील लवाद न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी असा निर्णय दिला की, स्वाधीन करण्याच्या रीतीत अनियमितपणा घडला हे खरे, तथापि कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. एवढ्याने त्या मुलीचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर माझेही कधी झाले नव्हते. म्हणून तोच प्रश्न जेथे अधिक गुंतागुंतीने उभा राहिला, अशा एका अलीकडील प्रकरणाची माहिती येथे देत आहे. ते प्रकरण म्हणजे तुर्कस्तानातील कुर्द बंडखोरांचे पुढारी अब्दुल्ला ओजलान यांचे.

एका देशात गुन्ह्याचा आरोप असलेला मनुष्य दुसऱ्या देशात सापडला असता, त्याला रीतसर मागणीवरून पहिल्या देशाच्या स्वाधीन करणे ह्यास प्रत्यर्पण म्हणतात. (वृत्तपत्रांत 'प्रत्यार्पण' असे छापलेले पुष्कळदा दिसते, प्रति आणि अर्पण ह्यांचा संधी सोडवून पाहावा, म्हणजे चूक ध्यानात येईल.) ही मागणी न्यायालयापुढे तपासली जाते. ज्या देशाने देहान्ताची शिक्षा रद्द केली आहे, तो देश आरोपीला फाशीच्या दोरापाशी पाठवावयास सहसा तयार होत नाही. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची ही शिक्षा १८६७ सालीच काढून टाकली. म्हणून अबू सालेमला २००५ मध्ये लिस्बनहून आणण्यापूर्वी भारत सरकारला त्याला फाशी न देण्याचे लेखी आश्वासन द्यावे लागले. इटली तर ह्याही पुढे गेली. १९९६ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ठरविले की, अशा प्रकरणी नुसते आश्वासनदेखील पुरेसे नाही.

आता ओजलान यांच्याकडे वळू. कुर्द लोकांचा मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया ह्या चार देशांत विभागलेला आहे. तुर्कस्तानात त्यांच्या भाषेवर १९८३ साली कायद्याने बंदी घालण्यात आली. ती १९९१ मध्ये उठली. घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारखीला, ज्या भाषेत आई हाक मारते तीच गुन्हा ठरावी, ह्याची कल्पनाही करवत नाही. ओजलान यांनी १९७८ मध्ये कुर्दिस्तान कामगार पक्ष स्थापन केला आणि १९८४ पासून त्याने शस्त्र हाती घेतले. ह्या झगड्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. सरकारी फौजांनी खेडीच्या खेडी ओस पाडली. बंडखोरांनी सैनिकांबरोबर गावकरी आणि शाळांचे शिक्षकही मारले. ओजलान यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा ही शेवटची गोष्ट सांगावयाचे विसरतात.

ओजलान अनेक वर्षे सीरियाच्या आश्रयाने राहिले. १९९८ मध्ये तुर्कस्तानने सरहद्दीवर फौज आणून धमकी दिली, तेव्हा ऑक्टोबरात सीरियाने त्यांना निरोप दिला. तेथून ते मॉस्कोस गेले. रशियाच्या लोकसभेने त्यांना आश्रय द्यावा असा ठराव एकमुखाने केला. सरकारने तो मानला नाही. १२ नोव्हेंबर १९९८ रोजी खोट्या पासपोर्टावर ते रोमच्या विमानतळावर उतरले आणि तेथेच त्यांना अटक झाली.

येथे प्रकरणाचा खरा पेच सुरू होतो. तुर्कस्तानने त्यांची मागणी केली, परंतु तेथील कायद्यात फाशी होती. १९८४ नंतर एकही फाशी प्रत्यक्ष दिली गेली नव्हती, तरी कायदा तो कायदाच. इटलीचे हात घटनेने बांधलेले. तुर्कस्तानात इटालियन मालावर बहिष्कार पडला. तथापि एक वाट मोकळी होती. जर्मनीच्या न्यायालयाचे ओजलान यांच्यावर १९९० पासूनचे पकडवॉरंट होते आणि जर्मनीत फाशी नाही. इटलीने कैदी द्यावा, जर्मनीने उघड न्यायालयात खटला चालवावा, इतके हे सरळ होते. पण जर्मनीत तुर्कस्तानातून आलेले वीस लाखांवर लोक राहत होते आणि त्यांत कुर्द लक्षावधी. खटला चालला तर रस्त्यारस्त्यांवर मारामाऱ्या होतील, ह्या भयाने जर्मन सरकारने नोव्हेंबर संपण्यापूर्वीच मागणी करणार नसल्याचे जाहीर केले. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची कल्पना बोलून दाखविण्यात आली आणि तशीच विरली.

आरोपीला मागणाऱ्या देशाच्या स्वाधीन करावे, नाही तर आपण स्वतः त्याचा न्याय करावा, असे कायद्याचे एक जुने तत्त्व आहे. युरोपातील सरकारांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. न्यायालयाने त्यांच्यावरील निर्बंध उठविले आणि १६ जानेवारी १९९९ रोजी ओजलान इटलीतून निघून गेले. इटलीने त्यांना हाकलले असे म्हणता येत नाही आणि ठेवून घेतले असेही म्हणता येत नाही. माझ्या मते तुर्कस्तानच्या रागापेक्षा ही चालढकल अधिक दोषास्पद होय.

पुढील महिना त्यांनी बहुतेक विमानांतच काढला. रशिया, ग्रीस, हॉलंडने तर विमान उतरूच दिले नाही. अखेर २ फेब्रुवारीस ग्रीकांनी त्यांना केनियाच्या राजधानीत, नैरोबीस, आपल्या राजदूताच्या निवासस्थानी लपविले. १५ तारखेस केनियाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना मोटारीत बसविले. आपणास हॉलंडला जावयास मिळणार अशी त्यांची समजूत होती. विमानात तुर्की हेर वाट पाहत होते. ना मागणीपत्र, ना न्यायाधीश. ग्रीसच्या तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले.

मार्मरा समुद्रातील इमराली बेटावर त्यांना ठेवण्यात आले. ह्याच बेटावर १९६१ साली माजी पंतप्रधान मेंदेरेस ह्यांना फाशी दिली होती. बाकीचे कैदी हलवून सारा तुरुंग ह्या एका माणसासाठी रिकामा केला गेला. सुमारे सतरा हजार पानांचे कागदपत्र वकिलांच्या हाती ७ मे रोजी आले, ३१ मे रोजी सुनावणी सुरू झाली आणि २९ जून १९९९ रोजी देहान्ताची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रोमच्या न्यायालयाने, ओजलान यांना इटलीत आश्रय मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल दिला! तो वाचावयास ते इटलीत नव्हते.

फाशी मात्र झाली नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती थांबविण्यास सांगितले. पुढे युरोपीय संघात प्रवेश मिळावा ह्या इच्छेने तुर्कस्तानने २००२ मध्ये शांततेच्या काळातील देहान्त शिक्षा रद्द केली आणि ओजलान यांना जन्मठेप झाली. म्हणजे ज्या एका कारणास्तव इटलीला प्रत्यर्पण करता आले नाही, ते कारण चार वर्षांत नाहीसे झाले.

१२ मे २००५ रोजी त्याच न्यायालयाने अंतिम निकालात सांगितले की, खटला न्याय्य रीतीने चालला नाही. परंतु नैरोबीतील पकडीविषयी मात्र, केनियाच्या अधिकाऱ्यांचे सहकार्य असल्यामुळे ती बेकायदा ठरत नाही, असे मत दिले. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वीचा हेगचा निर्णय ज्यांना आठवत असेल, त्यांना हे उत्तर ओळखीचे वाटेल. फेरखटल्याची विनंती तुर्की न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी इमरालीहून आलेले ओजलान यांचे पत्र इस्तंबूलमध्ये वाचून दाखविण्यात आले. पक्षाने शस्त्रे खाली ठेवून स्वतःचे विसर्जन करावे, असे त्यात लिहिले होते. मे महिन्यात पक्षाने विसर्जनाचा निर्णय जाहीर केला आणि ११ जुलै रोजी इराकमधील सुलेमानियाजवळ तीस बंडखोरांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत ठेवून पेटवून दिल्या.