जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो व रेग्युलेटर : दोष कसा शोधावा

सकाळी पेरणीस निघावयाचे आणि ‘सेल्फ’ने नुसते कण्हून थांबावयाचे, हा अनुभव जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंस असेल. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली की दोन दिवस काम चालते व पुन्हा तीच गत होते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसून तिला चार्ज करणाऱ्या यंत्रणेत असतो. आताच्या ट्रॅक्टरांवर अल्टरनेटर येतो. परंतु फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) व त्या पिढीतील इतर इंग्रजी ट्रॅक्टरांवर ल्यूकस पद्धतीचा डायनॅमो व वेगळी रेग्युलेटरची पेटी असते. पुढील विवेचन १२ व्होल्टच्या त्या रचनेपुरतेच आहे. अमेरिकी धाटणीच्या पुष्कळ डायनॅमोंची फील्ड-जोडणी उलट असते. त्यांवर ही चाचणी करू नये.

डायनॅमोच्या ‘डी’ टर्मिनलातून वीज बाहेर येते व ‘एफ’मधून फील्डच्या वेटोळ्यास मिळते. पेटीतील कटाऊट सुमारे १३ व्होल्टला मिटून बॅटरी जोडतो, तर रेग्युलेटर व्होल्टेज वाढताच फील्डची वीज कमी करतो. या दोहोंच्या वेटोळ्यांचा मार्ग ‘ई’ टर्मिनलातून ट्रॅक्टरच्या सांगाड्याशी पूर्ण होतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

माझ्या पाहण्यातील एका ट्रॅक्टरचा डायनॅमो जळाला. मालकाने दुसरा बसविला. तोही आठवड्यात तापून गेला. मिस्त्री तिसरा आणावयास सांगत होता. पेटी उघडली तेव्हा आत काहीच बिघडलेले नव्हते. ट्रॅक्टर रंगविल्यानंतर ‘ई’ची तार रंगाच्या थरावरच आवळली गेली होती. त्यामुळे कटाऊट मिटत नव्हता आणि रेग्युलेटरही आवर घालीत नव्हता. बॅटरी रिकामी व डायनॅमो मात्र मोकाट, असा प्रकार होता. बोल्टाखालचा रंग खरवडताच काम झाले. दोन डायनॅमोंचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी तपासणी क्रमाने करावी. पट्टा बोटाने दाबून पाहावा. तो अर्धा ते पाऊण इंच दबला तर ठीक. बॅटरीची टोके व सांगाड्याची जोडणी घासून स्वच्छ करावी. त्यानंतर डायनॅमोवरील दोन्ही तारा सोडवून ‘डी’ व ‘एफ’ उघड्या तारेच्या तुकड्याने जोडावेत आणि तो तुकडा व डायनॅमोचे अंग यांमध्ये व्होल्टमीटर लावावा. बऱ्याच जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास असते. काटा उलट गेल्यास मीटरच्या तारा बदलाव्यात. इंजिन हळूहळू वाढवावे. काटा न डगमगता झरझर चढला पाहिजे. तो २० व्होल्टपुढे जाऊ देऊ नये व इंजिन पळवू नये. काटा मुळीच न हलल्यास कार्बन ब्रश पाहावेत. एक व्होल्टच्या आसपास अडकल्यास फील्डचे वेटोळे, चार-पाच व्होल्टवर अडकल्यास आर्मेचर संशयास्पद मानावे.

डायनॅमो चांगला ठरला, तर तो तुकडा तसाच ठेवून मूळ तारा आपापल्या जागी लावाव्यात. पेटीकडील ‘डी’ची तार सोडवून तिचे टोक व सांगाडा यांमध्ये मीटर धरावा, मग ‘एफ’ची तार तशीच तपासावी. डायनॅमोपाशी मिळाले तेवढेच व्होल्टेज येथे मिळावयास हवे. न मिळाल्यास तार वाटेत तुटली आहे. बहुधा सांगाड्याच्या कडेला घासून किंवा उंदराने कुरतडून. तपासणी होताच तुकडा काढण्यास विसरू नये. येथवर सर्व ठीक असेल तर ‘ई’ची जोडणी पाहावी आणि मगच पेटीला दोष द्यावा. पेटीतील पट्ट्या पकडीने वाकविण्याचा मोह टाळावा. ते काम मीटर जवळ असलेल्या जाणकाराचे आहे.

‘ए’च्या तारेत बॅटरीची वीज सदैव असते, पेटीस हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. दुरुस्त केलेला डायनॅमो बसविल्यावर ‘एफ’ची तार काढून ठेवावी, बॅटरीच्या सांगाड्यास न जोडलेल्या टोकाकडून आणलेली तार डायनॅमोच्या ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर टेकवावी व मग मूळ तार लावावी. त्याने डायनॅमोतील चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळते. ठिणगी उडेल, म्हणून हे बॅटरीच्या तोंडाशी न करता डायनॅमोपाशीच करावे.